एका चुलीवरची दोन वयं



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते मधल्या सुट्टीत वर्गावर्गांतून फिरून मुलांचे डबे पाहत, असं त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकलं. डब्यात काय आहे ते दिसतच असे. ते विचारत ते वेगळंच : डबा कोणी भरला? आई शेतावर, आजी आजारी, म्हणून मोठ्या बहिणीने भरला, अशी उत्तरं यायची आणि त्या घराचं सगळं गुरुजींना कळायचं. आहाराचं शिक्षण देणाऱ्या माणसाने सुरुवात याच प्रश्नापासून करावी, असं माझं मत आहे.

संयोजकांनी मला दोन विषय सुचवले होते : ‘ज्येष्ठांचा आहार’ किंवा ‘किशोरवयीनांचा आहार’. मी दोन्ही एकत्र मागून घेतले. ही दोन वयं आपण वेगवेगळ्या खोल्यांत बसवतो. एकीकडे ज्येष्ठ नागरिक संघात मधुमेहावर भाषण, दुसरीकडे शाळेत रक्तक्षयावर भाषण. प्रत्यक्षात मात्र ही माणसं एकाच घरात, एकाच चुलीवरचं खातात. आणि पुष्कळ घरांत ती एकमेकांच्या भरवशावर खातात.

सरकारी योजना वयानुसार मांडून पाहा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्यातली अंगणवाडी सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना, गरोदर आणि स्तनदा मातांना सांभाळते. मग शाळेतली खिचडी. आता तिचं नाव पीएम पोषण, पण मुलं खिचडीच म्हणतात. ती आठवीपर्यंत. नववीत पाऊल ठेवलं की ताट बंद, आणि वाढीचा जोर नेमका त्याच वर्षांत असतो. किशोरींसाठी वेगळी पोषण योजना आहे. पण ईशान्येकडची राज्यं सोडली तर ती आकांक्षित जिल्ह्यांपुरती, आणि महाराष्ट्रात असे जिल्हे चार : गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव. बाकीच्या जिल्ह्यांत मुलगी आठवीनंतर पोषणाच्या वहीतून नाहीशी होते आणि गरोदर राहिली की पुन्हा सापडते. मुलगा तर सापडतच नाही. म्हाताऱ्यांसाठी २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्यात बाह्यरुग्ण विभाग आहे, व्यायामोपचार आहेत. ताट त्यातही नाही.

आकडे थोडेच सांगते. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या पंचेचाळिशीपुढच्या सुमारे ७२ हजार माणसांची पाहणी केली. साठीपुढच्या माणसांत २७ टक्के लोक प्रमाणापेक्षा कमी वजनाचे निघाले आणि २२ टक्के जास्त वजनाचे. आपण वर्तमानपत्रात वाचतो ते या २२ टक्क्यांविषयी. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १५ ते १९ वयाच्या मुलींत ५९ टक्के आणि मुलग्यांत ३१ टक्के रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाने १० ते १९ वयाच्या मुलींत ४० टक्के आणि मुलग्यांत १८ टक्के सांगितला होता. एवढा फरक कसा? वयोगट थोडा वेगळा होता हे खरं, पण मोठं कारण म्हणजे एका पाहणीत बोटाला टोचून रक्त घेतलं, दुसरीत शिरेतून. बोट दाबून काढलेल्या थेंबात भोवतालचं पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबिन कमी दिसू शकतं. तज्ज्ञांनी यावर खुशाल वाद घालावा. कमी आकडा खरा मानला तरी दर पाच मुलींतल्या दोघी फिकट आहेत.

आता एका घरात जाऊ.

बीड जिल्ह्यातून, शेजारच्या अहिल्यानगर आणि जालन्याच्या काही भागांतून, दसरा-दिवाळी उलटली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेऊन खर्चलेली. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जिथे कारखाना असेल तिथे फडात राहायचं आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परतायचं. त्या पाच-सहा महिन्यांत गावात कोण उरतं? म्हातारी माणसं आणि शिकणारी पोरं. मधली पिढी घरातून उचलून नेल्यासारखी. मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय आहे, तरी बरीच मुलं आजीपाशीच राहतात. आपला आजचा विषय पुस्तकाबाहेर कुठे पाहायचा असेल, तर या घरांत पाहावा.

आष्टी तालुक्यात डोंगराकडच्या एका वस्तीवर सकाळी अशाच एका घरी बसले होते. आजी सत्तरीच्या पुढची, वरचे सगळे दात गेलेले. तिने रात्रीची चपाती हातानेच बारीक कुस्करून वाटीत घातली, वरून गरम चहा ओतला आणि बोटांनी खाल्ला तो काला. नात दहावीत. एका हाताने वेणीला रिबीन बांधत, दुसऱ्या हाताने चपातीची सुरळी चहात बुडवत उभ्यानेच खाऊन मोकळी झाली, कारण एसटी चुकली असती. एकाच पातेल्यातला चहा, एकाच डब्यातली चपाती. कोपऱ्यात ज्वारीचं पोतं उभं होतं. ‘भाकरी का नाही?’ असं विचारलं, तर नात म्हणाली, थापताना मोडते. आजी म्हणाली, हात दुखतात, आणि गार भाकर चावत नाही. चपाती नातीला जमते, गहू रेशनवर येतो, म्हणून चपाती. कसब म्हातारीच्या डोक्यात, बळ पोरीच्या हातात, आणि दोन्हींची गाठ पडत नव्हती.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशी पाहिल्या तर सोळा ते अठरा वयाच्या मुलीला रोज ३२ मिलिग्रॅम लोह लागतं आणि प्रौढ पुरुषाला १९. म्हणजे फडात ऊस तोडणाऱ्या बापापेक्षा घरी राहिलेल्या लेकीला लोहाची गरज कितीतरी जास्त. तिची वाढ चालू असते आणि पाळीत रक्त जात असतं. धान्यातलं, भाजीतलं लोह आधीच शरीराला थोडं लागतं. त्यात जेवणाबरोबर चहा घेतला की चहातल्या टॅनिनमुळे त्यातलंही बरंच वाया जातं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा असं म्हटलं, तेव्हा शहरात त्यावर विनोद झाले. ज्या घरात चहा हेच कालवण आहे, त्या घरासाठी हा सल्ला विनोदाचा नाही आणि सोपाही नाही.

दुपारी देवळाच्या सभामंडपात आजी आणि नाती एकत्र बसवल्या होत्या. चहाचं सांगून झाल्यावर तीच आजी म्हणाली, “चहाबिगर चपाती घशाखाली जात न्हाई, बाई. दात हायेत का मला?” तिचं बरोबर होतं. तिचे दात म्हणजे तो चहा. तो काढून घ्यायचा तर त्या जागी दुसरं काही ओलं, मऊ, गरम द्यायला हवं, आणि ते मला माझ्या तक्त्यात सापडणार नव्हतं. मग म्हाताऱ्याच बोलू लागल्या. हुलग्याचं माडगं. शेंगोळे. येसराची आमटी. ताकातल्या कण्या. मुलींपैकी बऱ्याच जणींनी येसर खाल्लं होतं, पण ते कसं करतात हे एकीलाही सांगता येईना. धान्यं आणि डाळी वेगवेगळ्या भाजून, मसाल्याबरोबर दळून ठेवायच्या. भाजी नसेल त्या दिवशी फोडणीच्या उकळत्या पाण्यात ते पीठ लावलं की आमटी. भाजायची वेळ प्रत्येक धान्याची निराळी, आणि ती वासावरून ओळखायची. ते सांगताना म्हाताऱ्यांत भांडण जुंपलं, कारण एकीच्या माहेरी त्यात बाजरी घालत आणि दुसरीच्या नाही.

शेंगोळे तर तिथेच करून झाले. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं, मीठ घालून घट्ट मळायचं, तळहातांत घोळवून करंगळीएवढ्या वळ्या करायच्या आणि फोडणीच्या पाण्यात शिजू द्यायच्या. हुलग्यात शंभर ग्रॅमला बावीसेक ग्रॅम प्रथिनं. शिजलेला शेंगोळा हिरड्यांनीही चावता येतो. वरून लिंबू पिळलं की त्यातलं लोह शरीराला अधिक लागतं. म्हातारीला मऊ जेवण आणि नातीला लोह, दोन्ही कामं एकाच पातेल्यात. भाकरीचंही तसंच. आजीने परातीशेजारी बसून नुसतं सांगायचं : पाणी उकळतं घे, पीठ जास्त मळ, कडेने थाप. भाकरी जमायला पोरीला काही दिवस लागतात, बिघडलेली भाकरी दुधात-ताकात जाते. चहा सुटला नाही. तो चार वाजताचा झाला.

आहारशास्त्राला धरून इथे थोडं बाजूला जाते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ. रोमला अन्न आणि कृषी संघटनेत त्यांनी सांख्यिकीचा विभाग सांभाळला आणि निवृत्तीनंतर पुण्यात काम केलं. जग ‘प्रथिनांची तूट’ म्हणून ओरडत होतं, तेव्हा ते म्हणाले की तूट मुळात अन्नाची आहे. धान्य आणि डाळ असा आपला आहार माणसाने पोटभर खाल्ला तर प्रथिनं त्यातूनच मिळतात. प्रथिनांच्या डब्यांचा बाजार पाहिला की मला त्यांची आठवण येते. पण ‘पोटभर’ या अटीपाशी म्हातारं माणूस अडकतं. त्याची भूक मंदावते, तहान कळत नाही, रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळी ते मुद्दाम कमी खातं. एका भाकरीत त्याचं पोट भरतं आणि गरज भागत नाही. वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम हे प्रौढांसाठीचं प्रमाण. म्हातारपणी स्नायू टिकवायचे तर याहून जास्त, एक ग्रॅमच्या पुढेच लागतं, असं अनेक तज्ज्ञ मानतात. पंचेचाळीस किलोच्या आजीला निदान चाळीसेक ग्रॅम प्रथिनं हवीत. सकाळच्या त्या काल्यातून पाच-सहा मिळतात. म्हणून घास थोडे असतील तर प्रत्येक घास भारी करायचा. भाजीत, आमटीत, ताकातल्या कण्यांत मूठभर दाण्याचं कूट म्हणजे सातेक ग्रॅमची भर. अंडं चालत असेल तर एकात सहा.

दुसरी गोष्ट पुण्याची. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं स्नायूंनी आणि लांबीने कमी भरली, पण कातडीखालची चरबी त्या मानाने राखून होती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीची. असं मूल पुढे वजनाने फारसं न वाढताही मधुमेहाकडे झुकू शकतं. आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता मोठ्या प्रमाणात आढळली. तीच बाळं किशोरवयात आली, तेव्हा २०१२ मध्ये त्यांना रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला : उद्याचे आईबाप आजच सुधारले तर नातवंडांच्या पिढीत काय फरक पडतो, हे पाहण्यासाठी.

मला या संशोधनात मोल वाटतं ते वेगळ्याच कारणाने. दहावीतल्या मुलीच्या ताटाचा हिशेब पन्नास वर्षांनी कोणाच्या तरी साखरेच्या तपासणीत दिसणार आहे. आणि ज्या आजोबांची साखर आज वाढली आहे, ते मेटफॉर्मिन घेतात. ती गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं. पायाला मुंग्या येतात, विसर पडतो, तोल जातो. घरचे म्हणतात, वय झालं. वयही झालेलं असतं, पण एकदा बी-१२ तपासून घ्या असं डॉक्टरांना म्हणायला काही लागत नाही. हे जीवनसत्त्व दूध-दही, अंडी, मासे, मटण यांतूनच येतं. पालेभाजीत शोधू नये. घरात दूध कमी असेल तर ते चहात संपवण्याऐवजी विरजायचं आणि आजोबा-नातीने वाटून खायचं, इतकं तरी करता येतं.

आता शिक्षणाविषयी. आपले तक्ते मी अनेक दवाखान्यांच्या भिंतींवर पाहिले आहेत. त्यांवर ब्रोकोली असते, सफरचंद असतं. बाजूला रेशनच्या तांदळाचं काय चाललंय याचा पत्ता नसतो. पोषणयुक्त तांदूळ रेशनवर आला, तेव्हा शंभर दाण्यांत एक या प्रमाणात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घातलेले दाणे त्यात मिसळले. ते दाणे रंगाने किंचित निराळे दिसतात, काही पाण्यावर तरंगतात. गावोगाव बोभाटा झाला की प्लास्टिकचा तांदूळ आला. बायकांनी सुपात घेऊन ते दाणे निवडून फेकले. ज्यांच्यासाठी लोह घातलं, त्यांनीच ते वेचून टाकलं, आणि त्यांची चूक नव्हती. खडा दिसला की वेचायचा हेच त्यांना शिकवलं गेलं होतं. दुकानदाराने पोतं उघडताना दोन वाक्यं सांगितली असती तर पुष्कळ झालं असतं.

शाळेतल्या निळ्या गोळीचंही तेच. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींना आठवड्याला एक गोळी, ६० मिलिग्रॅम लोहाची. जेवल्यावर घ्यायची. पण नववी-दहावीला खिचडी नाही हे आपण पाहिलं. सकाळी चहा-चपातीवर निघालेली मुलगी ती रिकाम्या पोटी घेते, मळमळतं, एखादी ओकते, आणि पुढच्या सोमवारी अख्खा वर्ग गोळी मुठीत धरून बाहेर फेकतो. शौचाला काळी होते तेव्हा आणखी घाबरतात. सभामंडपात मुली हे सांगत होत्या. एका आजीने विचारलं, मग रातच्याला जेवून घेतली तर चालंल का? चालेल. फक्त शिक्षकांना तसं चालवून घ्यावं लागेल, कारण गोळी समोर गिळली तरच त्यांच्या रजिस्टरमध्ये खूण होते.

शिकवावं कसं याचा धडा आष्टीपासून जवळच, जामखेडला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये तिथे गेले. औषधं घेऊन गेलेल्या डॉक्टरांना गावांनी सांगितलं की आधी अन्न आणि पाणी. आरोळ्यांनी ते मानलं. मग गावातल्याच बायकांना, अक्षरओळख नसलेल्या आणि बऱ्याचशा दलित घरांतल्या बायकांना, त्यांनी आरोग्यसेविका केलं. अभ्यासक्रम पूर्ण झाला असं त्यांनी कधी ठरवलं नाही. बाया येत राहिल्या, अडचणी मांडत राहिल्या, शिकत राहिल्या. त्या बायकांचं गावाने ऐकलं, कारण त्या ज्या चुलीविषयी बोलत ती त्यांचीही होती.

उपासाविषयी विचारलं जातंच, म्हणून थोडक्यात. एकादशी, चतुर्थी, सोमवार सोडा असं मी कोणाला सांगत नाही. सांगून उपयोगही नसतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ, त्यात जीव आणतात ते दाणे. तेव्हा कुटात काटकसर करू नका. ज्यांना इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या आहेत त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय निरंकार उपास करू नये. देवाची हरकत नसावी.

आणि मुलगे. त्यांच्याकडे कोणी पाहतच नाही. त्यांच्यातही रक्तक्षय आहे, आणि तालुक्याच्या गावातली जिम त्यांना दोन-तीन हजारांचा पावडरीचा डबा विकते. हा डबा आणायला जो पैसा लागतो, त्यात महिनाभराची अंडी, मटकी आणि दूध येतं. मुलांना हे गणित करून दाखवलं की पटतं. उपदेश केला की ती टपरीवर जातात.

पण शिकवण्याने सगळं भागेल अशी समजूत मी करून देणार नाही. श्रावणबाळ योजनेत पासष्टीपुढच्या निराधारांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात, तेही कधी तीन-तीन महिन्यांनी. रेशनवर माणशी पाच किलो धान्य येतं, डाळ येत नाही. शाळेच्या आहारात २०२३ मध्ये अंडं आलं आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी काढून घेतला. ताटात जे नाही त्याविषयी मुलांना माहिती देणं म्हणजे थट्टाच. आहारशिक्षण आणि आहाराची मागणी या गोष्टी एकत्रच चालाव्या लागतील. नववी-दहावीला दुपारचं जेवण द्या, आणि हंगामापुरतं त्याच स्वयंपाकघरातून गावात उरलेल्या म्हाताऱ्यांनाही, ही मागणी ऊसतोडीच्या गावांनी तरी लावून धरली पाहिजे. भांडी आहेत, शेगडी आहे, करणाऱ्या बाया आहेत.

मागणी करायला आकडा लागतो आणि तो गावाला स्वतः काढता येतो. अंगणवाडीत गरोदर बायकांसाठी उभा वजनकाटा असतो. टोळ्यांच्या गाड्या भरायच्या आधी, दसऱ्याच्या सुमाराला, गावात राहणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याचं आणि दहा ते एकोणीस वयाच्या प्रत्येक मुलाचं वजन घ्यावं. पाडव्याला टोळ्या परतल्या की पुन्हा घ्यावं. सहा महिन्यांत म्हाताऱ्या माणसाचं वजन, ते कमी करायचं मनात नसताना, पाच टक्क्यांनी घटलं तर वैद्यकशास्त्र त्याला धोक्याची खूण मानतं. पंचेचाळीस किलोच्या आजीचे सव्वादोन किलो गेले, तर तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं पाहिजे. वाढत्या वयाच्या मुलाचं वजन सहा महिने जिथल्या तिथे राहिलं, तर त्यालाही. वही दहावीतल्या मुलींनी लिहावी, त्यांना ते उत्तम जमतं. लागेल तो किरकोळ खर्च गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंतचा जो निधी मिळतो, त्यातून निघेल. कोणाचंही नाव न घेता, काटा किती जणांचा खाली आला एवढंच मे महिन्याच्या ग्रामसभेत वाचून दाखवावं, आणि पुढच्या हंगामात किती जणांचं जेवण गावाने शिजवायचं त्याचा ठराव त्याच बैठकीत घ्यावा.